शेकून झालं? आता उठा!

ज्येष्ठांचे प्रश्न, फिजिओथेरपिस्टची उत्तरं

थंडी पडली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप ठरतो. रबरी पिशव्या माळ्यावरून खाली येतात, मिठाच्या नाहीतर वाळूच्या पुरचुंड्या तव्यावर चढतात, आणि मला पत्रं यायला लागतात. म्हणून या अंकात फक्त शेकाचीच पत्रं घेतली आहेत. काही पत्रं बरीच लांब होती, त्यांना कात्री लावली आहे. नावं मुद्दाम गाळली आहेत.

ताई, माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. सकाळी उठल्यावर तासभर आणि रात्री झोपताना पुन्हा तेवढाच वेळ त्या गरम पाण्याच्या पिशवीने शेकतात. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण वर्षभरात जिना चढणं जवळजवळ बंद झालंय, खुर्चीतून उठताना हाताला कुणीतरी लागतं. परवा त्यांना मोबाईलवर कुणीतरी पाठवलं की नुसत्या शेकानेही स्नायूंची ताकद टिकते. तेव्हापासून व्यायामाचं नाव काढलं की म्हणतात, ‘शेकतेय की!’ हे खरं आहे का? — एक वाचक, वाई

खरं आहे, पण अर्धंच. आणि ते अर्धंही सासूबाईंच्या पिशवीला लागू होत नाही.

आधी पिशवी काय करते ते बघू. उबेने त्या भागातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेला स्नायू सैल पडतो, सांध्याभोवतालचे पडदे आणि बंध जरा ताणू देतात. शिवाय उबेची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचली की दुखण्याची जाणीव थोडी मागे पडते. थंडीत गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटली कोमट पाण्यात ठेवल्यासारखं समजा: तेल सुटतं, पण बाटलीत तेल वाढत नाही. बाहेरून दिलेली ऊब कातडीखाली साधारण एक-दोन सेंटिमीटरच पोहोचते. मांडीचा मोठा स्नायू चरबीच्या थराखाली असतो. तिथलं तापमान पिशवीने फार तर एखाद्या अंशाने वाढतं, आणि पिशवी काढली की थोड्या वेळात पुन्हा होतं तिथे येतं.

आता मोबाईलवर आलेलं. त्याच्या मुळाशी विज्ञान आहे, ते मी नाकारणार नाही. १९६२ साली रितोसा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाला फळमाश्यांच्या पेशींमध्ये एक वेगळीच गोष्ट दिसली. उबवणयंत्राचं तापमान वाढलेलं होतं आणि गुणसूत्रांवर नेहमी नसणारे फुगवटे आले होते. पुढे कळलं की उष्णतेचा ताण आला की पेशी काही खास प्रथिनं तयार करते. ही प्रथिनं बिघडलेल्या प्रथिनांची डागडुजी करतात. माणसाच्या स्नायूतही हे घडतं. मग लोकांनी पुढचा प्रश्न विचारला: स्नायू वापरता येत नसेल तेव्हा नुसत्या उष्णतेने तो वाचवता येईल का? २०१९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांचा एक पाय दहा दिवस जखडून ठेवला. काहींच्या त्या मांडीला रोज दोन तास यंत्राने खोलवर ऊब दिली. ज्यांना ऊब मिळाली त्यांचा स्नायू कमी रोडावला आणि पेशींमधली ऊर्जा तयार करण्याची क्षमताही टिकून राहिली.

पण ती सगळी तरुण माणसं होती. ऊब पिशवीची नव्हती, शॉर्टवेव्ह डायथर्मीची, म्हणजे लहरींनी आतून ऊब देणाऱ्या यंत्राची होती, रोज दोन तास. आणि पाय जखडलेला असल्यामुळे व्यायाम करणं शक्यच नव्हतं. प्लॅस्टरमध्ये पाय असलेल्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हे संशोधन उद्या मोलाचं ठरू शकतं, आणि मला त्यात मनापासून रस आहे. सासूबाईंचे पाय मात्र कुणी जखडलेले नाहीत. त्या दिवसाचे दोन तास पिशवी घेऊन बसतात, आणि बसून राहण्यानेच स्नायू जातो. २००७ मध्ये निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला होता. दहा दिवसांत त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. त्यांना कुठलाही आजार नव्हता!

याच्या उलट बाजूचा पुरावा मी माझ्या पेशंटना नेहमी सांगते. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका संस्थेत राहणाऱ्या दहा वृद्धांना मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम दिला. सरासरी वय नव्वद. आठ आठवड्यांत त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत वाढली, तर शहात्तरीत का नाही वाढणार?

म्हणून माझं म्हणणं असं की सासूबाईंचा शेक बंद करू नका. त्याची वेळ आणि त्यानंतरचं काम बदला. तासाऐवजी पंधरा मिनिटं. पिशवीत उकळतं पाणी नको, दोन तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा, बूच घट्ट लावून उलटी करून बघा. टॉवेलमध्ये गुंडाळून गुडघ्याच्या वर, मांडीच्या खालच्या भागावर ठेवा. पिशवीवर पाय टाकून झोपायचं नाही. पाच मिनिटांनी टॉवेल उचलून कातडी बघा. फिकट गुलाबी असेल तर ठीक. लाल-पांढरे चट्टे दिसले तर पिशवी खाली.

पंधरा मिनिटं झाली की लगेच कामाला लागायचं, कारण सांधा सैल आहे आणि दुखणं दबलेलं आहे ते आत्ताच. आधी पलंगावरच पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा. तो गुडघ्याने खाली दाबायचा, मनात पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. मग खुर्ची.

खुर्चीबद्दल नीट सांगते, कारण सगळा खेळ तिथेच आहे. जेवणाच्या टेबलाची, हात नसलेली, न डगमगणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. त्यावर गोधडीची घडी ठेवून बैठक उंच करा, एवढी उंच की सासूबाईंना हाताचा आधार न घेता उठता येईल. दोन घड्या लागल्या तर दोन. पाय थोडे मागे घ्यायचे, पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठायचं. खाली बसताना धप्पकन नाही, ‘एक, दोन, तीन’ म्हणत. स्नायूचा खरा कस या खाली येण्यातच लागतो आणि सगळे चोरी करतात तीही इथेच. आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा तेवढेच. एक दिवसाआड. बारा-पंधरा वेळा सहज जमायला लागलं की गोधडीची एक घडी काढायची. गोधडी पूर्ण निघाली की मग अर्धा किलो तांदूळ पिशवीत शिवून ती घोट्याला बांधायची आणि खुर्चीत बसून पाय सरळ करायचा. जिममध्ये जायची गरज नाही.

थोडं दुखेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते शमलं तर चालेल. गुडघा सुजला, रात्रभर ठणकला, तर दोन पावलं मागे या.

आणि एक मोजमाप ठेवा, म्हणजे वाद होणार नाहीत. गोधडी न ठेवता, हात छातीवर बांधून, पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर बघा. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर शरीराची कार्यक्षमता घटली आहे असं धरतात. आज एकदाही उठता येत नसेल तर तसं लिहून ठेवा, दर महिन्याला पुन्हा बघा. ‘शेकतेय की’ला सुनेने उत्तर देण्यापेक्षा त्या आकड्याने दिलेलं बरं.

ताटाचंही बघा. स्नायू प्रथिनांशिवाय होत नाही. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे पंचावन्न किलोच्या बाईला पंचावन्न ग्रॅमच्या पुढे. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात साधारण तेवढीच. रात्री नुसता मऊ भात आणि लोणचं यावर ते जमत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मला मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. वय ७१. रात्री तळपायांना मुंग्या येतात, गार पडल्यासारखे वाटतात, म्हणून झोपण्यापूर्वी गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसतो. गेल्या आठवड्यात डाव्या अंगठ्याला फोड आला, कधी आला ते कळलंही नाही. पाणी किती गरम असावं? — एक वाचक, नाशिक

काका, पाणी गरम नसावंच. बादली आजपासून बंद.

फोड कधी आला ते कळलं नाही, या तुमच्या एका वाक्यात सगळं आलं. तुमच्या पायांच्या नसांना उष्णता कळेनाशी झाली आहे. पाय गार वाटतात ते नसांच्या बिघाडामुळे. हात लावून बघाल तर बऱ्याचदा पाय गरमच असतात. साठ अंशांचं पाणी कातडी पाचेक सेकंदांत भाजतं, आणि गिझरमधून साठ अंशांचं पाणी सहज येतं. पन्नासच्या आतबाहेरचं पाणी भाजायला काही मिनिटं घेतं. तुम्ही बादलीत पाय घालून बातम्या संपेपर्यंत बसत असाल, नाही का?

फोड फोडू नका, हळद-तूप काही लावू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात अंगठ्याच्या फोडाला ‘बघू उद्या’ चालत नाही. तिथेच पायाच्या संवेदनेची तपासणीही करून घ्या. एक बारीक नायलॉनचा धागा तळपायाला टोचून बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. रात्री पायांना सैल सुती मोजे घाला. मुंग्यांवर औषधं आहेत, तीही विचारा.

मांडीला किंवा कमरेला शेक घ्यायचा असेल तर आधी घरी एक चाचणी करा. स्टीलचे दोन पेले घ्या, एकात कोमट पाणी, एकात गार. तुम्ही डोळे मिटा. काकूंनी मनाला येईल त्या क्रमाने पेले मांडीला लावावेत आणि तुम्ही सांगायचं, गार की गरम. एकदाही चुकलात तर त्या जागी शेक नाही. आमच्याकडे हीच चाचणी परीक्षानळ्यांनी करतात. पायात ताकद हवी असेल तर वाईच्या सासूबाईंना सांगितलेला खुर्चीचा व्यायाम तुम्हालाही चालेल, फक्त अंगठा पूर्ण बरा झाल्यावर आणि बंद चपला घालून.

माझ्या दोन्ही गुडघ्यांचे सांधे बदललेले आहेत. फिजिओथेरपीच्या सेंटरमध्ये शेकाच्या मशीनवर बसवायला निघाले होते, मी नको म्हटलं. बरोबर केलं ना? — एक वाचक, कोल्हापूर

मशीन शॉर्टवेव्ह डायथर्मीचं असेल तर अगदी बरोबर केलंत. त्याच्या लहरी धातूभोवती एकवटतात आणि आतल्या आत भाजू शकतं, वरून कळत नाही. पेसमेकर असणाऱ्यांनी तर त्या खोलीतही बसू नये. जाण्याआधी तुमच्या अंगात धातू काय काय आहे ते सांगा. कमरेत स्क्रू असतील तर तेही. जखम पूर्ण भरलेली असेल आणि सूज, लाली नसेल तर वरून दिलेला साधा शेक, कापडात गुंडाळलेला, मांडीच्या स्नायूला चालतो.

आधी बाम चोळून वर पिशवी ठेवली तर दुप्पट गुण येतो, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. — एक वाचक, बार्शी

गुण येतो तो डॉक्टरला. बामातले पदार्थ कातडीतून जास्त शोषले जातात आणि कातडी भाजते. एक तर बाम, नाहीतर शेक. वेदनाशामक पट्टी चिकटवलेली असेल तर तिच्यावरही पिशवी कधीच ठेवू नका, औषध एकदम जास्त अंगात जातं.

आम्ही ज्येष्ठ नागरिक संघातर्फे वज्रेश्वरीला जातोय. आकलोलीच्या कुंडात उतरून सांधे सुटतात म्हणे. आमच्यातले बरेच जण सत्तरीच्या पुढचे, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. उतरावं का? — एक वाचक, डोंबिवली

उतरा, पण भाविकांसारखं बसून राहू नका. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूचे झरे काय, दापोलीकडचं उन्हवरे काय, संगमेश्वरची राजवाडी काय, कोकणपट्टीत ही ऊन पाण्याची कुंडं आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे दुखणी घेऊन जातात. गंधकाच्या वासाने स्नायू बळकट होत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पण उबदार पाण्याचे दोन फायदे पक्के आहेत. ऊब सगळ्या बाजूंनी मिळते, आणि कमरेपर्यंतच्या पाण्यात पायांवरचं वजन निम्म्यावर येतं. जमिनीवर चालताना कण्हणारा माणूस पाण्यात बरा चालतो. म्हणून कुंडाच्या कठड्याला धरून चाला, पाय पुढे-मागे-बाजूला हलवा, टाचा उचला. व्यायामासाठीच्या तलावात पाणी ३३ ते ३५ अंश ठेवतात. कुंडातलं बहुधा त्याहून खूप गरम असतं, आणि काही कुंडं तर पाय घालवणार नाहीत इतकी तापलेली असतात. कोपर बुडवून बघा. सहन होतं म्हणून नको, सुखाचं वाटलं तरच उतरा, आणि दहा मिनिटांत बाहेर या.

धोका असतो तो बाहेर येताना. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, त्यात सकाळची गोळी पोटात. पायऱ्या शेवाळलेल्या. अशा वेळी झटकन उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते, आणि सत्तरीत पडणं म्हणजे खुब्याचं हाड. पायरीवर दोन मिनिटं बसा, पोटऱ्या हलवा, मग जोडीने वर या. जाताना पाण्याची बाटली बरोबर घ्या. अंगावर कुठे उघडी जखम असेल, ताप असेल किंवा अलीकडे हृदयाचा त्रास झाला असेल, त्यांनी काठावर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळाव्यात.

मुलाकडे हेलसिंकीला आलोय, घरातच सॉना, म्हणजे कडक गरम हवेत बसायची खोली आहे. सूनबाई म्हणते, इथली म्हातारी माणसं सॉनामुळेच धडधाकट असतात. मी ६८ वर्षांचा, दोन गोळ्यांवर रक्तदाब ताब्यात. बसू का? — एक वाचक, सध्या फिनलंड

सूनबाईंच्या बोलण्याला आधार आहे. पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा वीसेक वर्षं पाठपुरावा करून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू, आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते. पण तो अभ्यास हृदयाचा आहे, मांडीच्या स्नायूचा नाही. शिवाय जो माणूस आठवड्यात पाच वेळा ऐंशी अंशांत बसू शकतो तो आधीच धडधाकट असतो, हेही विसरू नका. त्या लोकांना लहानपणापासून सवय असते. तिथली म्हातारी माणसं बर्फात चालतात, सायकल चालवतात, लाकडं फोडतात. त्याबद्दल सूनबाई काही म्हणाल्या का?

तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर खालच्या फळीवर पाच-सात मिनिटं बसा, एकटे नको, पोटात दारू नको, नंतर तिथल्या लोकांसारखी बर्फाच्या पाण्यात उडी तर मुळीच नको. आणि बाहेर येऊन अंग पुसून, पाणी पिऊन, जरा स्थिरावलात की घराभोवती एक फेरी मारा. स्नायूच्या खात्यात जमा होईल ती फेरीच.

आईचं वय ८२. गावी असते. दिवसभर कोळशाची शेगडी जवळ घेऊन बसते, रात्री तीच पलंगाजवळ ठेवते. तिच्या दोन्ही नडग्यांवर जाळीसारखे तपकिरी डाग उठलेत, खाजत नाहीत, दुखत नाहीत. हे काय असावं? — एक वाचक, जुन्नर

न भाजणाऱ्या पण रोज, महिनोन्‌महिने मिळणाऱ्या उष्णतेने कातडीवर असे जाळीदार डाग उठतात. काश्मीरमध्ये फेरनखाली, म्हणजे लांब झग्याखाली, कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) बाळगणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर ते पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले आहेत, आणि वर्षानुवर्षं तसंच चालू राहिलं तर त्या कातडीचा कर्करोगही होतो. आईचे डाग अजून त्या टप्प्यावर आहेत असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही, पण फोटो पाठवून ते ठरवता येत नाही. एकदा त्वचारोगतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. त्या जागी खडबडीत गाठ किंवा न भरणारी जखम दिसली तर वाट न बघता दाखवा.

रात्रीची शेगडी मात्र आजच खोलीबाहेर काढा, फोन करून शेजाऱ्यांना सांगा. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. उबेसाठी लोकरीचे मोजे, दोन पातळ गोधड्या, आणि झोपण्यापूर्वी अर्धा तास पिशवी अंथरुणात ठेवून आई आडवी होताना काढून घ्यायची. दिवसा तिला उन्हात बसवा, म्हणजे उठून अंगणापर्यंत चालावं लागेल. शेगडी जवळ आणून द्यायची नाही, ती दूर ठेवायची आणि आईने तिच्याकडे जायचं, हा नियम शेजारच्या पोरांनाही सांगून ठेवा, कारण आजीने हाक मारली की पोरं शेगडी उचलून आणतात.